खाणीचा पट्टा आणि आपला ठोका



जालना जिल्ह्यात कोळसा नाही. काळ्या मातीखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. किती खोल, ते विहिरीवर सुरुंग उडवणाऱ्याला विचारावे. आपल्याकडे खाण म्हणजे खडी क्रशर, मुरमासाठी पोखरलेल्या टेकड्या आणि अंबड-घनसावंगीच्या बाजूला गोदावरीतले वाळूचे घाट. मग जिल्हा बैठकीच्या पत्रकात कोळसा कंपनीच्या हिशेबवहीचे काय काम, असे कोणीही विचारील.

कारण असे घडले. मागच्या बैठकीत कापसाच्या भावावरून बोलणे चालले होते. भोकरदनकडचा एक कार्यकर्ता उठला. त्याने नोव्हेंबरात एका जिनिंगवर कापूस नेला होता. फाटकावर भाव ठरला. गाडी काट्यावर चढली, वजन झाले. गंजीवर रिकामी होता होता एक माणूस आला, मुठीत कापूस दाबला नि म्हणाला, ओल जास्त आहे. क्विंटलमागे दीड किलो कटती. चुकारा बाविसाव्या दिवशी मिळाला, तोही त्या दिवशीच्या उतरलेल्या भावाने. त्याचा प्रश्न साधा होता : "माझा कापूस विकला गेला कधी? फाटकावर, काट्यावर, गंजीवर, का पैसे हातात पडले तेव्हा?" सभेत शे-दीडशे माणसे होती. प्रत्येकाने आयुष्यभर माल विकलेला. उत्तर एकालाही देता आले नाही.

आम्हाला हे लागले. जमिनीतून निघालेला माल टनाटनाने विकणारा, आणि तो कधी विकला हे कागदावर लिहून द्यावेच लागते असा एखादा विक्रेता पाहावा, असे ठरले. तो नागपुरात आहे. वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड ही कोल इंडियाची उपकंपनी. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांत आणि मध्य प्रदेशातल्या बैतूल-छिंदवाड्यात तिच्या खाणी. अशा कंपन्या दरसाल अहवाल छापतात. नफा-तोट्याच्या आकड्यांमागे बारीक अक्षरात काही पाने असतात, त्यांना हिशेबाची धोरणे म्हणतात. वाचणारे ती उलटून पुढे जातात. आम्ही तिथेच दोन रात्री बसलो.

पहिली गंमत शब्दाची. महसूल म्हटले की आपल्याला तलाठी आठवतो. कंपनीच्या वहीत महसूल म्हणजे विक्रीचे उत्पन्न. ते केव्हा धरायचे याचा नियम भारतीय लेखा मानक ११५ मध्ये आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून मोठ्या कंपन्यांना तो लागू आहे. आपल्या भाषेत सांगायचा तर असा : आधी करार पाहा, काय द्यायचे ते ठरवा, किंमत किती ते ठरवा, ती कशाकशाची ते वाटून घ्या, आणि मालाचा ताबा गिऱ्हाइकाकडे गेला त्या क्षणी विक्री झाली असे लिहा. पैसे कधी आले याचा तिथे संबंध नाही. ताबा गेला की विक्री, आणि विक्री झाली की करारातलीच किंमत.

कोळशाच्या नेहमीच्या पुरवठा करारात हा ताबा खाणीवरच जातो. वाघिणीत नाही तर ट्रकमध्ये कोळसा भरला, वजन झाले, की तो घेणाऱ्याचा. पुढे वाटेत सांडला, भिजला, चोरीला गेला तर ते त्याचे त्याने पाहावे. भोकरदनच्या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे होते. काट्यावर.

आता कोणी म्हणेल, कोळशाला प्रत नसते का? असते. २०१२ पासून बिगर-कोकिंग कोळशाच्या जी-१ ते जी-१७ अशा १७ प्रती आहेत. किलोमागे उष्णता किती निघते त्यावर प्रत ठरते. प्रत घसरली की भाव घसरतो. वीज कंपन्या आणि कोळसा कंपन्या यांची यावरून जुनी भांडणे आहेत. पण ती भांडणे कशी चालतात ते पाहा. नमुना घेतो तिसऱ्याच संस्थेचा माणूस. नमुन्याचा एक भाग राखून ठेवतात. निकाल पटला नाही तर तो भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत जातो. फरक निघाला तर लेखी नोंद होऊन पैसे इकडचे तिकडे वळते होतात. आणि वर्षाच्या शेवटी असा फरक किती निघेल याचा अंदाज बांधून कंपनीला उत्पन्न आधीच तितके कमी दाखवावे लागते. तिथे प्रतीबद्दलचा संशयसुद्धा वहीत लिहिलेला असतो. आपल्याकडे प्रत ठरते मुठीत.

भारतीय कापूस महामंडळाचा नियम निदान आकड्यात तरी आहे : ८ टक्के ओलीपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ पर्यंत त्या प्रमाणात कपात, १२ च्या वर खरेदी नाही. नियम आकड्यात आहे म्हणून त्यावर भांडता येते, यंत्र आणा म्हणता येते. मुठीशी कसे भांडणार?

पैशाचेही तसेच. ई-लिलावात कोळसा घेणाऱ्याला उचल करण्याआधी पैसे भरावे लागतात. ही रक्कम कंपनी लगेच उत्पन्न म्हणून लिहीत नाही; माल अजून दिलेला नाही, म्हणून ती गिऱ्हाइकाचे देणे म्हणून ताळेबंदात बसते. आपला व्यवहार याच्या बरोबर उलटा. माल गेलेला, पैसे नाहीत. तरी आपण त्याला नुसती विक्री म्हणतो, उसनवारी म्हणत नाही. खरे पाहता त्या बावीस दिवसांत आमचा भोकरदनचा भाऊ त्या जिनिंगवाल्याचा सावकार झाला होता. बिनव्याजी सावकार! आणि असा सावकार की ज्याची मुद्दलसुद्धा कुळाने ठरवावी.

बिलावरच्या कपातीही पाहून घ्या. कोळशाच्या किमतीवर स्वामित्वधन, जिल्हा खनिज निधी, जीएसटी असे थर चढतात. कंपनी ते सारे गिऱ्हाइकाकडून गोळा करते, एकूण विक्रीतून वजा करते आणि उरेल तेच आपले उत्पन्न म्हणते. जे दुसऱ्याचे ते नुसते तिच्या हातातून गेले. आपल्या हिशेबपट्टीवर हमाली, तोलाई लिहितात ती मात्र आपल्या भावातून जाते.

जुन्या मंडळींना कापूस एकाधिकार आठवत असेल. १९७२ ला सुरू झाला. माल द्यायचा, हमीभावाचे पैसे घ्यायचे, आणि गाठी विकल्या गेल्यावर अंतिम भाव कळणार. मधे निधीच्या नावाने कपात. म्हणजे ताबा गेला होता पण किंमत ठरलीच नव्हती. घेणारे तेच, मोजणारे तेच, किंमत मागाहून सांगणारेही तेच. एखाद्या कंपनीने असा माल दिला असता तर तिला निदान किती मिळणार याचा अंदाज तिथल्या तिथे लिहावा लागला असता आणि लेखापरीक्षकाने तो तपासला असता. एकाधिकाराला लूट म्हणणारे आपल्यात पुष्कळ होते. ती लूट नेमकी कोणत्या रकान्यात बसत होती, ते आता उमगते आहे.

विक्रीचे एवढे पुरे. दुसरा विषय पट्ट्याचा, आणि आमच्या मते तोच मोठा आहे.

आपल्याकडे दुसऱ्याची जमीन कसायची तर बटई नाही तर ठोका. ठोका म्हणजे रोख, सालाचा. पाऊस पडो न पडो. कंपनीच्या भाषेत हाच भाडेपट्टा. पूर्वी कंपन्या बहुतेक भाड्यांचा हिशेब सोपा ठेवत : या वर्षीचे भाडे खर्चात टाकले की झाले. पुढच्या दहा वर्षांचे भाडे आपण देणे लागतो, हे ताळेबंदात दिसतच नसे. १ एप्रिल २०१९ पासून मानक ११६ लागू झाले आणि ती सोय बंद झाली. आता बारा महिन्यांवरचा पट्टा असला आणि वस्तू अगदी किरकोळ नसली, की पुढची सारी भाडी आजच्या किमतीत मोजून देणे म्हणून लिहायची, आणि ती वस्तू वापरण्याचा हक्क मालमत्ता म्हणून लिहायचा. भाड्याचे कार्यालय, भाड्याच्या गाड्या, सारे आले. भाडे लपवता येत नाही, एवढा त्याचा अर्थ.

या मानकातून वगळलेल्या चार-पाच गोष्टींची एक यादी आहे. तिच्यात पहिलीच कोणती असावी? खनिज काढण्यासाठीचा पट्टा! ज्याच्या नावातच पट्टा, तो खाणपट्टा पट्ट्याच्या नियमात बसत नाही. आम्ही तीनदा वाचून खात्री केली. विचार करता आम्हाला ते पटलेही. भाड्याची वस्तू मुदत संपली की परत द्यायची असते. घर परत देता येते, ट्रॅक्टर परत देता येतो. काढलेला कोळसा परत देता येत नाही. ते भाडे कसले, ती हप्त्याहप्त्याने केलेली विक्रीच.

मग खाणीसाठी घेतलेली जमीन वहीत कशी लिहितात? कोल इंडियाच्या छापील धोरणाप्रमाणे १९५७ च्या कोळसाधारी क्षेत्र कायद्याने किंवा १८९४ च्या नि २०१३ च्या भूसंपादन कायद्यांनी घेतलेल्या जमिनीची किंमत प्रकल्पाच्या उरलेल्या आयुष्यावर वाटून दरसाल खर्चात टाकायची. पट्ट्याची जमीन असेल तर पट्ट्याची मुदत किंवा प्रकल्पाचे आयुष्य, जे आधी संपेल ते. जमिनीला घसारा नसतो, असे कॉमर्सच्या पोरांना पहिल्या वर्षी शिकवतात. खाणवाल्याच्या वहीत तीच जमीन बैलाच्या नालासारखी झिजते आणि खाण संपते त्या वर्षी तिची किंमत शून्य होते. वणी-राजुराकडे अशी कापसाची वावरे आहेत.

याशिवाय खाण बुजवण्याचा, माती सारखी करण्याचा खर्च पुढे येणार म्हणून तोही आजच देणे धरावा लागतो. केंद्राच्या सूचनांत ऑगस्ट २००९ च्या भावपातळीवर उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये असा हिशेब धरला होता. ते पैसे दरसाल वेगळ्या बंद खात्यात भरायचे. खड्डा खरोखर किती बुजतो हा वाद वेगळा, आणि आमचा त्यावर फारसा विश्वास नाही. पण माती झिजते हा खर्च आहे, एवढे त्या वहीने मान्य केले आहे. आपल्या बरड रानातून एका वळवात वाहून गेलेली माती कोणी कोणत्या वहीत लिहिली? कंपनीने शेती केली तर मानक ४१ प्रमाणे तिला उभे पीकसुद्धा बाजारमूल्याने वहीत धरावे लागते. आपले उभे पीक सरकारी कागदावर मोजले जाते ते मेल्यावर, पंचनाम्यात.

खाणीचा खंड कोणाला जातो, याचाही निवाडा झाला आहे. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने ठरवले की स्वामित्वधन हा कर नाही. खनिज काढू दिल्याबद्दल पट्टेदाराने पट्टा देणाऱ्याला द्यायचा तो करारातला मोबदला आहे. कोळशावर तो २०१२ पासून किमतीच्या १४ टक्के, आणि जातो राज्याला. ज्याचे वावर गेले त्याला पैसे एकदा. ज्याच्या नावावर जमिनीखालचे आहे त्याला टनामागे, खाण चालेल तोवर. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम तिकडे जाते. प्रतिष्ठानाकडे जाते, सातबाऱ्यावरच्या नावाकडे नाही.

कागदावरची एक तारीख काय करू शकते ते पाहायला गोव्यात जावे. तिथल्या लोहखनिजाच्या खाणी पोर्तुगीज काळातल्या सवलतींवर चालत. १९८७ च्या कायद्याने त्यांचे खाणपट्टे झाले. २१ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती. मधल्या काळात २०१२ पर्यंत खाणी चालू होत्या, जहाजे भरून खनिज गेले, विक्री वहीत चढली. वह्या जुळत होत्या. पट्टाच उरला नव्हता. पुन्हा नूतनीकरण केलेले ८८ पट्टेही त्याच न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द केले.

आता आपल्या घरात या. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आहे. कसणाऱ्याला संरक्षण द्यावे म्हणून तो आला, आणि त्या काळी त्याने पुष्कळांच्या नावावर जमीन चढवलीही. पण त्यामागून एक भीती घरोघर बसली : लिहून दिले की कुळ लागेल. म्हणून जाफराबादपासून परतूरपर्यंत जमिनी सर्रास ठोक्याने नि बटईने दिल्या-घेतल्या जातात आणि कागद बहुधा कुठेच नसतो. पाडव्याला तोंडी ठरते, पुढच्या पाडव्याला संपते. कागद नाही म्हणून पीककर्ज मालकाच्या नावाने, नुकसानीची मदत मालकाच्या नावाने, आणि कृषी केंद्राची उधारी तेवढी कसणाऱ्याच्या नावाने. उलट २०१५ नंतर लिलावात घेतलेला मोठ्या खनिजांचा पट्टा ५० वर्षांचा असतो. शेतजमिनीचा पट्टा लेखी करता यावा यासाठी २०१६ मध्ये नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने आदर्श कायद्याचा मसुदा दिला होता : देणाऱ्याची मालकी अबाधित, घेणाऱ्याला कर्ज नि विमा मिळण्याची वाट मोकळी. त्यात दुरुस्त्या हव्या असतील तर मांडू. पण ठोका कागदावर आला पाहिजे, हे आमचे मत पक्के झाले आहे. जे कागदावर नाही ते खर्चातही धरले जात नाही.

त्याची किंमत किती, ते पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये ठरवला. त्यासाठी धरलेला उत्पादनखर्च ५,१४०. म्हणजे बरोबर दीडपट. संकरित ज्वारीचा खर्च २,४६६ आणि भाव ३,६९९. पुन्हा बरोबर दीडपट. आकडा जुळतो. पण या खर्चात काय आहे? बियाणे, खत, औषध, मजुरी, घरच्यांची राबणूक, आणि जमीन भाड्याने घेतली असेल तर प्रत्यक्ष दिलेले भाडे. स्वतःच्या जमिनीचे भाडे त्यात नाही. स्वतःच्या भांडवलाचे व्याज नाही. कृषिमूल्य आयोग हे दोन्ही मोजत नाही असे नाही. त्या मोजणीला सी-२ म्हणतात. मोजतो, छापतो, आणि सरकार दीडपट सांगताना ते बाजूला ठेवते.

एक गणित करू. आकडे समजुतीसाठी आहेत, ज्याने त्याने आपल्या शिवाराचे घालावेत. समजा कोरडवाहू रानाचा ठोका एकरी १०,००० आणि कापूस एकरी ५ क्विंटल. क्विंटलमागे जमिनीचे भाडे झाले २,०००. ते ५,१४० मध्ये मिळवले की ७,१४०. हमीभाव ७,७१०. आपण समजत होतो क्विंटलमागे २,५७० सुटतात, सुटले ५७०. दीडपटच द्यायचा तर भाव १०,७१० होतो. हा तीन हजारांचा फरक एका ओळीत राहिला : शेतकऱ्याची जमीन फुकट धरावी. ठोक्याने कसणाऱ्याला तर या हिशेबात खरोखरच ५७० उरतात, तेही हमीभाव पदरात पडला तर. त्याने दिलेला खंड जिल्ह्याजिल्ह्यांच्या सरासरीत बुडून जातो.

आमच्यातच यावर एक आक्षेप निघाला. कोळसा कंपनी मोठी, तिच्या दारात गिऱ्हाइकांची रांग; तिला आगाऊ पैसे मागता येतात ते हिशेबाच्या धोरणामुळे नव्हे. पाच एकराचा धनी डोक्यावर कर्ज घेऊन काट्यावर उभा असतो, तो कसल्या अटी घालणार? आक्षेप खरा आहे. मानक ११५ छापून गंजीवर नेले म्हणून मूठ सैल होणार नाही. पण कंपनीनेही हे नियम हौसेने पाळलेले नाहीत. ज्यांचे पैसे तिच्यात गुंतले होते त्यांना खरा आकडा हवा होता आणि कायद्याने तो द्यायला लावला. आपल्या शेतीत पैसे कोणाचे गुंतले आहेत? आपलेच. आणि आकडा मागणारा कोणी नाही, कारण आपण स्वतःच कधी मागितला नाही. भावाच्या बैठकीत आपण घोषणा देतो, आणि समोरचा अधिकारी ५,१४० चा कागद काढतो. त्या कागदासमोर ठेवायला आपल्याकडे कागद नसतो.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने एक पान आणावे. कापूस कोणत्या तारखेला काट्यावर गेला, काट्याचे वजन किती, पावतीचे किती, ओल यंत्राने पाहिली का मुठीने, कटती किती, ठरलेला भाव कोणता नि मिळालेला कोणता, चुकारा कितव्या दिवशी. त्याखाली रानाचा ठोका : घेतलेले असेल तर दिलेला, स्वतःचे असेल तर शेजारच्या बांधाला जो चालतो तो. बटईचे असेल तर मालक नि बटईदार या दोघांनी मिळून एकच पान आणावे. ज्वारीवाल्यांनी कडब्याची पेंढीही विसरू नये, ती उत्पन्नात धरावी लागते. जिनिंगचे किंवा व्यापाऱ्याचे नाव घालण्याची गरज नाही. तालुकावार पाने एकत्र करून बेरीज आम्ही करू. दोन पोरे कॉमर्सची आहेत, त्यांनी कबूल केले आहे.